ताटातली कचेरी

आमच्या थोरल्या साडूंइतका रिकामटेकडा आणि तितकाच उपयोगी माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. अकोल्याच्या कचेरीत ते नकलनवीस होते. दुसऱ्यांनी लिहिलेले हुकूम आपल्या अक्षरात पुन्हा लिहून काढायचे, एवढंच त्यांचं सरकारी काम. खरं काम डोळ्यांचं. कुठलीही कचेरी असो, कापसाचं जिन असो की देवळाची पंचमंडळी, तिथे कोण कोणाचं ऐकतं, कोण कोणाला पाहून चष्मा पुसायला लागतं आणि कोणाचं हसू कोणाच्या परवानगीने फुटतं, हे त्यांना कळल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. "सायेब कोन हाय ते दारावरच्या पाटीवर लिवलंच असते," ते म्हणायचे. "त्यात काय पाहाचं? सायेब कोनासमोर खुर्चीतून अर्धा उठते, ते पाहा." या नादापायी ते अमरावतीला आमच्याकडे कधी वेळेवर पोचले नाहीत. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे, आणि स्टेशनमास्तर कोणत्या हमालाशी हळू आवाजात बोलतो हे पाहता पाहता अमरावतीची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जायची.

दिवसभर जे पाहिलं ते ते रात्रीच्या जेवणात मांडायचे. कागदाला हात लावत नसत, त्यांना ताट पुरे. वांग्याची फोड म्हणजे सुपरिंटेंडेंट, ठेच्याचा गोळा म्हणजे नाजर, भाताची शितं म्हणजे कारकून मंडळी. मग कढीत बोट बुडवून ते एकाकडून दुसऱ्याकडे रेघा ओढायचे. रेघ मध्येच आटली की हाक मारायचे, "थोडी कढी वाढा बरं, नाजराचं अन् खजिनदाराचं जमूनच नाई राहिलं!" आमची अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कढीचं भांडं आपटून म्हणायची, "जेवून राहिले का कचेरी भरवून राहिले? मले ताटं घासाचे हायेत." साडू तेवढ्यापुरते नाजराला खाऊन टाकायचे.

पण त्यांचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पातूरच्या एका लग्नात वरपिता रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला. गावचे पाटील हात जोडून दमले, मुलीच्या बापाने पागोटं उतरवलं, तरी गडी हलेना. साडू उठले ते थेट कोपऱ्यातल्या एका बहिऱ्या आत्याबाईंपाशी गेले आणि त्यांना खुणेने म्हणाले, भूक लागली. आत्याबाईंनी भाच्याकडे नुसतं पाहिलं, आणि वरपिता मुकाट्याने पाटावर येऊन बसला. "जेवाले बसाच्या आधी तो दोनदा तिच्याकडेच पाहून राहिला होता," एवढंच साडूंनी सांगितलं. पुढची अनेक वर्षं मात्र हेच ते दर लग्नात सांगत राहिले, आणि दर वेळी पंगत थोडी मोठी होत गेली.

माझ्यावर पाळी आली ती मेळघाटच्या बदलीने. त्या काळी मेळघाट म्हटलं की हिवतापाने हाडं खिळखिळी व्हायची. माझ्या बायकोला आठवा महिना होता, पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी बैलगाडीचा प्रवास साफ नको म्हटलेलं. आमच्या अमरावतीच्या कचेरीतल्या सुपरिंटेंडेंटनी माझा अर्ज न वाचता बाजूला ठेवला होता. मी अकोल्याला निरोप धाडला. साडू आले, आमच्या कचेरीसमोर अर्जनविसाच्या सतरंजीवर दिवसभर बसले आणि रात्री ताटावर बसताच म्हणाले, "आता आनखी अर्ज देऊ नको. माळीनबाईले सांग."

"कोणत्या माळीणबाईला?"

"सुपरिंटेंडेंटच्या खोलीत हेडकारकूनबी विचारून जाते. अन् ते बाई देवाचे फुलं घेऊन सरळ आत जाते. चपराशी उठून पडदा धरते तिच्यासाठी. काहून? तिच्या टोपल्यातली भाजी रोज सकाळी सायबाच्या घरी जाते, अन् सायबाची बायको तिच्याजवळ सुखदुःख बोलते."

ताटाच्या काठाशी एक शीत एकटंच राहिलं होतं. मी विचारलं, "हे कोण?"

"तुमच्या दफ्तरखान्यातला तो अबोल कारकून. एकटा राह्यते, कोनात नाई. त्याच्याकडं एकबी रेघ जात नाई, सोड त्याले."

माळीणबाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि "पाह्यतो बाप्पा" म्हणून टोपलं उचललं. चार-सहा दिवसांनी सुपरिंटेंडेंटच्या पत्नी ओटीचं सामान घेऊन स्वतः आमच्या दारात उभ्या राहिल्या. बदली रद्द झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या, आणि मी साडूंच्या पाया पडलो.

बारशाला ते आले तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडे आलेल्या अक्काने आधीच जास्तीची कढी केली होती. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "तुह्या जागी मेळघाटात कोन गेलं?"

मी सांगितलं. कोणाला तरी जावं लागणारच होतं. दफ्तरखान्यातल्या त्या अबोल कारकुनासाठी शब्द टाकणारं कोणीच नव्हतं.

साडूंचा हात थांबला. "मी पाह्यलं होतं रे त्याले," ते म्हणाले. "पाह्यलं, अन् बाजूले ठेवलं." त्या दिवशी त्यांनी कढी घेतली नाही. मला फार वाईट वाटलं, त्या कारकुनासाठी आणि साडूंसाठीही. त्याला परत आणायची त्यांनी खटपट केली, पण तोवर आमचे सुपरिंटेंडेंटच बदलून गेले होते. मग दर हिवाळ्यात साडू रजा काढून मेळघाटात जायला लागले. अक्का कपाळाला हात लावायची. तिथे करता काय, असं मी विचारलं तर म्हणायचे, "काई नाई. बसतो. मी बोलतो, तो आयकते."

साडू गेले, त्यांच्या तेरवीला अकोल्यात शेवटच्या पाटावर एक वाळकासा माणूस येऊन बसला. कोणी ओळखेना. अक्काने मला विचारलं, आणि मग मी ओळखलं. दफ्तरखान्यातले ते अबोल कारकून; बदलीआधी एका कचेरीत इतकी वर्षं असून मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी पंगत उठली, पत्रावळी उचलल्या गेल्या, तरी ते साडूंबद्दल बोलतच होते: दादा काय म्हणाले, दादा कशाला हसले, दादांनी कोणत्या रेंजरची कशी खोड काढली. मग एकाएकी थांबले.

"यंदाच्या हिवाळ्यात कोनी येनार नाई," ते म्हणाले.

"मी येतो," मी म्हणालो.

त्यांनी आपला पाट उचलून भिंतीशी ठेवला.

"येतानी जाड पांघरून आनजा," ते म्हणाले. "तिकडं थंडी जबर असते."