फेट्याखालचा मेंदू

२० एप्रिलची दुपार. वर्षभराच्या चटणीसाठी मी मिरच्यांचे देठ काढत होते आणि समोर खुर्चीत माझे चुलतसासरे उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. ज्याच्यावर त्यांनी मत दिलेलं नाही असं डोकं कोल्हापुरात शिल्लक नसेल.

लग्नांत फेटे बांधण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे माणसाची अक्कल फेट्याच्या कापडावर ठरते, हा त्यांचा सिद्धांत. कापड जास्त लागलं की मेंदू मोठा, मेंदू मोठा की माणूस हुशार. माझ्या लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या डोक्याला त्यांनी चहाआधीच वीत लावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगं गुणाचं हाय, पर कापड उरणार." पाहुणे हसले म्हणून निभावलं. कोडोलीची त्यांची बहीण विसरायला लागली, तेव्हाही त्यांनी दोष दिला तो तिच्या लहान डोक्याला, आणि तोही तिच्या तोंडावर. स्वतःचं डोकं भोपळ्याएवढं, त्याचा कोण अभिमान. अलीकडे मोबाईलवरचे व्हिडिओ बघून त्यात डोपामिनची भर पडली होती. मेंदूत तो एक रस असतो, टाकी मोठी तेवढं पाणी जास्त, असं ते दूधवाल्यालाही उभं करून समजावत.

आणि हा माणूस पाडव्यापासून घराबाहेर पडला नव्हता. कारण काय, तर ऊन. स्वतःच्या हातानं बांधलेल्या फेट्याशिवाय ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात नाहीत, आणि फेट्याचं कापड कपाटात घडी न मोडता पडून होतं. पाय घासत चालायचे. त्यांना तांबड्या रश्श्याचा वाससुद्धा येत नव्हता. शेजारच्या गुरुजींचा कंपवात असाच सुरू झाला होता आणि त्यांनी डॉक्टरकडे जायला फार उशीर केला होता.

शेवटी मी म्हटलं, "आबा, हात काढा बघू."

काढला. चिमटीत तपकीर चोळावी तशी बोटं आपोआप हलत होती.

हे डोपामिन कमी पडल्यानं होत असेल, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, औषधं असतात, असं मी एका दमात सांगून टाकलं. ते मिरच्यांकडे बघत राहिले.

"पर एवढ्या मोठ्या डोक्यात कमी कसं पडंल, सूनबाई?"

डोकं केवढं यावर ते नसतं, मी म्हटलं. ते बनवणारी जागा सगळ्यांच्या मेंदूत इवलीशीच असते. यावर त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं डोकं चाचपलं. मग म्हणाले, "कोडोलीच्या तिला उगंच बोललो की मी." आणि थोड्या वेळानं, "बोडक्या डोक्यानं न्हाय यायचा हां दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा मी बांधला. एक टोक त्यांनी दातांत धरलं होतं, तरी ताण, सैल सोड, डावीकडं घे, हे चालूच होतं. फेटा वाकडा झाला. आरशात बघून ते म्हणाले की असला फेटा नवरदेवाला बांधला असता तर पावण्यांनी आपल्याला वरातीतनं हाकललं असतं. मी तो सोडायला हात घातला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, त्याबरोबर माझाही. खाली रिक्षा येऊन थांबली होती. आम्ही तसेच निघालो.