बंदुकीचा धक्का आणि माफोसाबाबा

ग्वायी नदीकाठच्या सगळ्या वनरक्षकांना बंदूक शिकवली ती माफोसाबाबांनी. बंदूक थोरली, हत्ती-रेड्यांसाठीची, उडाली की गाढवासारखी लाथ मारणारी. त्या लाथेची धास्ती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. हे पकडायला बाबा गुपचूप एखादं रिकामं काडतूस भरत. नुसतं ‘खट्’ झालं आणि तरी नळी झुकली, की ओरडत, “अरे, बायकोलासुद्धा इतका घाबरत नसशील! दस्ता खांद्यात रोव, पुढं वाक. आणि डोळे उघडे!”

मी त्यांच्यासाठी जनावरांचा माग काढणारा. जखमी जनावराच्या मागावर मी पुढं, मान खाली घालून. माझा जीव मागून येणाऱ्या बाबांच्या बंदुकीच्या हवाली.

गेल्या उन्हाळ्यात सरावाला गंमत म्हणून मी त्यांनाच रिकामं काडतूस भरून दिलं. खट्! नळी वीतभर खाली, डोळे गच्च मिटलेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण हसू आलं नाही.

“खांदा गेलाय रे म्बोनिसी,” ते हळूच म्हणाले. “कुणाला बोलू नकोस.”

मी बोललो नाही. त्यानंतर मात्र ते रोज सरावाला बंदूक माझ्या हातात देऊ लागले.

महिन्याभरात एका जखमी रानरेड्यानं पाणवठ्यावर बाईला तुडवलं. दुसरा बंदूकवाला दिवसभराच्या वाटेवर. आम्ही दोघंच निघालो. मोपानेच्या झुडपांत ताजं रक्त दिसलं आणि मी जागीच थांबलो. पुढं रेडा, मागं मिटणारे डोळे.

“बाबा, मी पुढं जाणार नाही.”

वाटलं, आता शिव्या बसतील. त्यांनी बंदूकच माझ्या हातात दिली.

“मग मागं ये. माग मी काढतो.”

“तुम्ही?”

“तू जन्मला नव्हतास तेव्हापासून काढतोय. चल.”

आता माझ्यापुढं त्यांची पाठ होती. रेडा समोरून नाही, बाजूच्या झुडपातून आला. मी दस्ता रोवला, वाकलो, डोळे उघडे ठेवले. गोळी नेमकी लागली आणि तो कोसळला. पण त्याआधी त्याचं शिंग बाबांच्या मांडीत घुसलेलं मी त्याच उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी यायच्या आत ते गेले.

गावात म्हणतात, म्बोनिसी त्यांचा सगळ्यात चांगला चेला. मी मान डोलावतो. पुढं चालायची पाळी माझी होती, हे कुणालाच ठाऊक नाही.