येतानाची सोबत

रुग्णालयाची शववाहिका चालवण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या छोट्याशा समारंभात त्याला बोलायला उभं केलं, तेव्हा तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत माझ्या एकाही प्रवाशानं तक्रार केली नाही." कोणीच हसलं नाही. साहेबांनी घाईघाईनं त्याच्या हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मंडळी चहाकडे वळली.

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. मागे माणूस ठेवलेला असला की तो गाडी अशी चालवी, की काचेवर बसलेली माशीसुद्धा उडू नये. हॉर्न नाही, ब्रेकचा दचका नाही. चौकातले पोलीस त्याला वाट करून देत, ट्रकवाले आपणहून बाजूला होत. येताना मात्र तोही इतर ड्रायव्हरांसारखाच गाडी पिटाळी. माणूस घरच्यांच्या हवाली केला की शेजारची सीट रिकामी आणि मागचंही सगळं रिकामं. त्या रिकाम्या गाडीत एकट्यानं बसणं त्याच्या जिवावर येई. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. शववाहिकेच्या ड्रायव्हरला एकटं बसायची धास्ती वाटते म्हटल्यावर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

शेजारच्या सीटवर गेलेल्या माणसाचा कोणीतरी नातेवाईक बसे. तसा नियमच होता. त्या सीटवर त्यानं सगळे नमुने पाहिले. वाटभर रडणारे, वाटभर फोनवर जमिनीच्या वाटण्या करणारे, "जरा एसी वाढवा" म्हणणारे. एकानं रेडिओ लावू का म्हणून विचारलं, लावला आणि मग स्वतःच ओशाळून बंद केला. वाईट असं त्यातलं कोणी नव्हतं. फक्त सगळे तिकडेच उतरून जात.

सर्वांत लांबची खेप डोंगरापलीकडच्या बंदराची. तो रस्ता थेट समुद्रापाशी जाऊन संपे, पण इतक्या खेपा करूनही त्यानं समुद्र नीट पाहिला नव्हता. ती गाडी किनाऱ्यावर उभी केली असती, तर सुट्टीला आलेल्या लोकांनी तिथून काढता पाय घेतला असता. बायको म्हणायची, "मला एकदा दाखवा हो समुद्र." तो म्हणायचा, "या गाडीतून नको. निवृत्त झालो की आपली स्वतःची घेऊ." निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती गेली, आणि गेली ती त्याच गाडीतून. त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर होता आणि हा शेजारच्या सीटवर. स्मशानापर्यंत तो त्या ड्रायव्हरला "गियर हळू टाक, जरा हळू" एवढंच सांगत राहिला. घरी परतल्यावर त्याला रडू आवरेना.

आता स्वतःची गाडी आली होती. जुनी, निळी, छोटी. पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी हॉर्न मारला. उभ्या आयुष्यात त्याला कुणी हॉर्न मारला नव्हता. काय झालं म्हणून विचारायला तो खाली उतरला, आणि तिथं जे ऐकलं ते त्यानं घरी सांगितलं नाही.

बंदरापर्यंत जाऊन यायचं त्यानं पक्कं केलं होतं. पण मध्यंतरी जिन्यात त्याला भोवळ आली होती, आणि लेकीनं गाडीची किल्ली काढून घेऊन स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकली. "एकट्यानं अजिबात जायचं नाही, बाबा. सोबत कोणीतरी शोधा. नाही सापडलं तर गाडी विकून टाकू. मी गंमत करत नाहीये." मग त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. "बोला, स्वप्नातला सोबती कसा हवा तुम्हाला? गाणारा, गप्पिष्ट, की नकाशा वाचणारा?"

"परत येणारा," तो म्हणाला.

बाबा विनोद करतायत असं लेकीला वाटलं. ती म्हणाली, हवं तर मीच येते, पण रजा नाही. जाताना बरोबर येईन आणि तिकडून विमानानं आधी परत येईन. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि शोध सुरू केला. शहराबाहेरच्या उड्डाणपुलापर्यंत जाऊन यायचं आणि तेवढ्यात माणूस जोखायचा, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यापुरती लेक किल्ली देई आणि परत आल्यावर मोजून घ्यावी तशी डब्यात टाकी.

पहिला मान मेहुण्याचा. गाडीत बसल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "दाजी, डावीकडे घ्या. दाजी, इथून शॉर्टकट आहे." शॉर्टकट एका भिंतीपाशी संपला. भिंत नवीन बांधलेली दिसते, असं मेहुण्यानं जाहीर केलं. भिंतीवर शेवाळ होतं. तेही सावकाशनं सोसलं असतं, वाटभर सोसलं असतं. पण पुलावर पोचल्यावर मेहुणा म्हणाला, "जाऊ हो दाजी, धमाल करू! फक्त येताना मी तिकडून रेल्वेनं येईन. दोन्हीकडचं माझ्या कंबरेला झेपायचं नाही." सावकाशनं गाडी वळवली.

मग शेजारचे निवृत्त हेडमास्तर. ते जायला तयार होते आणि यायलाही, त्यामुळे सावकाशला बरीच आशा होती. गल्ली संपायच्या आत हेडमास्तरांचा डोळा लागला. मान मागे टेकलेली, तोंड उघडं, हात छातीवर. सावकाशनं एकदा शेजारी बघितलं आणि त्याचा पाय आपोआप वर आला. हातानं सवयीनं लुकलुकणारे दिवे लावले. गाडी माणसाच्या चालीनं चालू लागली. मागे गाड्यांची रांग लागली, पण त्या चालण्यात असं काहीतरी होतं की हॉर्न मारायला कुणाचा हात होईना. सिग्नलपाशी एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. नेमके तेव्हाच हेडमास्तर जागे झाले. त्यांनी टोपी काढलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं आणि मग सावकाशकडे.

"मला इथंच उतरू दे," ते म्हणाले.

त्यानंतर जिन्यात भेट झाली की हेडमास्तर जरा जास्तच ताठ चालत.

"आता मी गाडीला गिऱ्हाईक बघते," लेक म्हणाली, आणि खरंच दुसऱ्या दिवशी एक माणूस येऊन टायरांना लाथा मारून गेला. सावकाश गॅलरीतून बघत होता. गाडी जाणार, समुद्रही जाणार, आणि बायकोला दिलेला शब्द तसाच राहणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

खरं तर माणूस त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळ्या नोकरीत त्याच्या गाडीतून परत आलेलं माणूस एकच, बाजारामागच्या गल्लीतली टेलरबाई. ती नवऱ्याला घेऊन बंदरावरच्या दिरांकडे गेली होती. दिरांनी माणूस उतरवून घेतला, "पुढचं आम्ही बघतो" म्हणाले, आणि तिला आत ये असं कोणी म्हटलं नाही. सगळं उरकेपर्यंत ती अंगणाबाहेर उभी राहिली, आणि तिला तिथं एकटी टाकून त्याला गाडी काढवेना. मग येऊन गाडीत बसली. "दादा, मला परत न्या. दुकानात लोकांचे कपडे पडलेत." वाटभर तिनं चकार शब्द काढला नाही. अर्ध्या वाटेत पिशवीतून एक संत्रं काढून सोललं आणि न विचारता अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. बस, एवढंच. पण ज्या बाईला आपण तिच्या सगळ्यात वाईट दिवशी भेटलो, तिला सहलीला चला म्हणणं शोभत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

तरी तो गेला. टेलरबाई मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या. तिनं त्याला लगेच ओळखलं आणि तिचा हात चाकावर थांबला.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

बोलायचं कसं याची तयारी करून आला होता तो, पण ऐन वेळी सगळं एकदमच बाहेर पडलं. समुद्र, बायको, लेक, डब्यातली किल्ली, हेडमास्तर. टेलरबाईनं एकेक टाचणी काढून उशीला टोचली.

"गाडी तीच का?"

"नाही. निळी आहे. मागे सीट आहे."

"मागे कोण असणार?"

"कोणीच नाही."

"बरं." तिनं एक शिवण पुरी केली आणि दोरा तोडला. "मी तेव्हा रस्ता बघितलाच नाही. सगळा वेळ पायांकडे बघत होते. कसा आहे हो रस्ता?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "चांगला आहे," तो म्हणाला. "डोंगरात वळणं फार आहेत."

"मला सोमवारी दुकान उघडायचंय हं."

"म्हणजे परत यायचंच?"

"यायचंच. न येऊन सांगते कुणाला?"

लेकीनं टेलरबाईला घरी बोलावून उलटसुलट प्रश्न विचारले. टेलरबाईनं सगळी उत्तरं दिली आणि जाता जाता, तुमच्या कुर्त्याची एक बाही तोकडी आहे असं सांगितलं. लेकीनं आरशात बघितलं. खरंच होती. किल्ली मिळाली.

समुद्र बायकोला वाटला होता तेवढाच मोठा होता. सावकाश चप्पल हातात घेऊन पाण्यात उभा राहिला. बायकोची आठवण आली. ती आज इथं हवी होती, असं तो मोठ्यानं म्हणाला. टेलरबाई थोडी लांब उभी होती. तिनं ऐकलं आणि त्याला तिथं एकटं उभं राहू दिलं. गाव सोडताना दिरांच्या घराकडे जाणारा फाटा लागला. तिनं त्या बाजूची काच वर केली, फाटा मागे पडला, आणि तिनं ती पुन्हा खाली केली.

डोंगर उतरल्यावर तिनं पिशवीतून संत्रं काढलं. सोलता सोलता म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तुमच्या ऑफिसातल्या माणसानं मला बजावून सांगितलं होतं, याच गाडीनं परत आलात तर घट्ट धरून बसा, रिकामी गाडी भरधाव आणतात. मी जीव मुठीत धरून बसले होते. आणि तुम्ही तर जातानाइतकीच हळू आणलीत. रिकाम्या गाडीला कशाला एवढं जपायचं?"

त्यानं गियर अलगद बदलला.

"रिकामी कुठं होती?" तो म्हणाला. "तुम्ही होतात की."

टेलरबाईनं संत्र्याच्या शिरा काढल्या. मग अर्धं संत्रं त्याच्या हातावर ठेवलं. मागून कुणीतरी हॉर्न मारला. त्यानं वेग वाढवला नाही.