मास्तरांना लावलेली विशेषणं

चहा घ्या आधी, गार होईल. मग सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस किती मोठं गाढव होऊ शकतो ते. हसायचं असेल तर खुशाल हसा. मला स्वतःला अजून हसू आलेलं नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी तुम्हाला मुद्दाम बोलावून घेईन.

केडगावात माझं भुसार मालाचं दुकान. ज्वारी, बाजरी, डाळी, तांदूळ. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झालं. अर्धी बातमी वाचायची आणि तिच्यात गिऱ्हाइकाला साखर बांधून द्यायची. कित्येक बातम्यांचे शेवट मला अजून ठाऊक नाहीत! पण इंग्रजी काही रद्दीतून येईना. म्हणून साळवे मास्तरांना धरलं.

मास्तर इंग्रजीचे, रिटायर झालेले. रविवारी चर्चला जाताना दुकानावरून जायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांच्या बाई वारल्या आणि मास्तरांचा दिवस सरेना. मी म्हटलं, "दुपारी दोन ते चार दुकानात माशीही फिरकत नाही. या की बसायला." आले. खुर्ची पुढं केली तर नको म्हणाले. तुरीच्या पोत्यावर बसले, ते आठ महिने तिथंच बसले.

आणि शिकवणं तरी काय! "शेठ, वाक्य कितीही लांब असू द्या. आधी बघायचं, कोणाबद्दल बोलणं चाललंय. तो सब्जेक्ट. त्याच्याबद्दल जे सांगितलंय ते प्रेडिकेट. आणि तो कसा आहे हे सांगतो तो शब्द अ‍ॅडजेक्टिव्ह."

"म्हणजे पोतं कोणतं, पोत्याचं झालं काय, आणि माल कसा?"

मास्तरांनी पोत्यावर थाप मारली. "चालेल," म्हणाले. "पण घाई करू नका. समोर काय चाललंय ते नीट कळल्याशिवाय कसं आहे ते सांगायचं नाही."

हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर आज हा चहा मास्तरांबरोबर घेत असतो.

झालं असं, की पारनेरकडच्या एका संस्थेत मोठ्या मुलींसाठी इंग्रजीचा वर्ग निघणार होता. मास्तरांनी गुपचूप अर्ज केला. पुन्हा एकदा खडू हातात घेऊन फळ्यापुढं उभं राहायचं, एवढाच त्यांच्या जिवाला ध्यास. नाही जमलं तर नागपूरला लेकीकडं जायचं, फ्लॅटमध्ये, टीव्हीपुढं. मला यातलं काहीच बोलले नव्हते. पक्कं झाल्यावर पेढे घेऊन येणार होते.

आणि एका सकाळी इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ दुकानात आले.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मार्केट यार्डात माल घ्यायला उभं राहिलं की पहिला नियम, आवडलेल्या मालाकडं बघून तोंड वाकडं करायचं. मोत्यासारखी मालदांडी ज्वारी समोर असू दे, मूठभर दाणे हातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि म्हणायचं, "ओल दिसतीय. खडे पण हायेत." तीस वर्षं हेच केलं. मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा मी हाच चेहरा करून बसलो होतो. बायको ते अजून विसरलेली नाही.

गृहस्थ म्हणाले, "साळवे सर इथंच शिकवायला येतात ना?"

मी कान टवकारले. पलीकडच्या गल्लीतल्या तेलवाल्याला त्याच्या पोरीसाठी मास्तर हवे होते, हे माझ्या कानावर होतं. हा त्याचाच माणूस! माझ्या पोत्यावरचे मास्तर उचलायला आलाय!

"बसतात कधी कधी," मी म्हणालो.

"कसे आहेत?"

"वय झालंय हो. थकलेत."

"असं का?"

"ऐकूपण जरा कमीच येतं."

"आणि शिकवणं?"

"कसलं शिकवणं! एकच धडा चार-चार वेळा शिकवतात."

गृहस्थांनी डायरी काढली आणि लिहून घेतलं. अहो, लिहून घेतलं! तेलवाल्याची माणसं कधी डायरी बाळगतात का? पण मला कुठली शंका यायला. मी खुशीत त्यांना वरून चहा पाजला.

चार दिवसांनी मास्तर पोत्यावर बसता बसता म्हणाले, "शेठ, तुमच्यापासून एक लपवलं होतं." आणि सगळं सांगितलं. "चौकशीला कोणी येतील म्हणे. मी तुमचंच नाव दिलंय. दुसरं कोणाचं देणार?"

मी डाळीच्या पोत्यातले खडे वेचत बसलो. खरं तर त्या डाळीत खडे नव्हतेच.

घरी बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, मग जावा की तिकडं, आन खरं काय ते सांगून टाका!"

"तोंड कसं दाखवू? पत्र लिहितो. इंग्रजीत."

"इंग्रजीत? तुमी? मंग आता त्या मास्तरांचं काय खरं न्हाई!"

बायकांचं ऐकावं. पण ऐकलं असतं तर तुम्हाला ही गोष्ट ऐकायला मिळाली नसती.

इंग्रजी विशेषणांचा मला काय तोटा? दुकानभर छापलेली! एकेक पोतं बघत गेलो आणि उतरवत गेलो. 'साळवे सर इज अ प्रीमियम टीचर. ही इज क्लीन, ड्राय, बोल्ड अँड डबल पॉलिश्ड. ही इज अनटच्ड बाय हँड.' आणि खाली ठसठशीत लिहिलं, की हे सगळं इंग्रजी मला साळवे सरांनीच शिकवलंय!

आठ दिवसांनी मास्तर आले. पोत्यावर बसले नाहीत. उभ्यानंच पत्र माझ्यापुढं ठेवलं. संस्थेनं त्यांना परत दिलं होतं. वर्गावर दुसरे कोणी घेतले होते. पत्रावर लाल पेनानं सगळीकडं खुणा केलेल्या.

"सब्जेक्ट बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "प्रेडिकेटही. अ‍ॅडजेक्टिव्ह जरा जास्त झाली."

"मास्तर, ते गृहस्थ आले होते तेव्हा मी..."

"माहीत आहे. त्यांनी मला विचारलं, तुमचा विद्यार्थी म्हणतो, एकच धडा चारदा शिकवता, खरं का? मी म्हटलं, खरं आहे. त्याला चारदाच लागतो."

मग म्हणाले, "परवा निघतोय नागपूरला."

निदान जाताना तरी एक चांगला शब्द बोलावा म्हणून मी तोंड उघडलं. "मास्तर, तुमच्यासारखा..." एवढं आलं. पुढं तीस वर्षांची सवय आडवी आली. म्हणालो, "गाडीत गर्दी असते, डबा बरोबर ठेवा."

ते तुरीचं पोतं मी अजून विकलेलं नाही. गिऱ्हाइकानं हात लावला की म्हणतो, माल जुना आहे, नका घेऊ.

पत्र गल्ल्यात ठेवलंय. तळाशी मास्तरांच्या लाल अक्षरात एक ओळ आहे. 'माय स्टुडंट इज स्लो बट ऑनेस्ट.' पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, कुठलीतरी चूक सुधारलीय. दुसऱ्यांदा कळलं, सब्जेक्ट मी आहे. तिसऱ्यांदा प्रेडिकेट सापडलं. परवा चौथ्यांदा वाचली तेव्हा दोन्ही विशेषणं दिसली.

मंद आणि प्रामाणिक. पहिलं अगदी अचूक. दुसरं मात्र, पोत्यात काय भरलंय हे पक्कं ठाऊक असूनही, मास्तरांनी वरून छापून दिलं.