फ्लोटवर आपटलेला नारळ

नववीत शाळा सोडून परभणीहून इकडे आलो. नेरे गावातल्या फार्महाऊसवर स्वतः विमान बांधणाऱ्या साहेबांनी दाखला न मागता मला ठेवून घेतलं, ते उपकार आहेतच. पण त्यांचे मेहुणे! विमान पाण्यावर उतरवायला चाकांऐवजी पत्र्याचे पोकळ, तरंगणारे फ्लोट लावायचे होते. पाण्याचा दणका सोसावा म्हणून मी सांगाड्यात जादा नळ्या वेल्ड करत होतो. मेहुण्यांना मात्र नारळी पौर्णिमेलाच फ्लोटवर उभ्या विमानाचा फोटो हवा.

“नळ्या कोण बघतंय? फ्लोट लाव, नाहीतर गावची गाडी धर.”

पौर्णिमा उजाडली तरी नळ्या बाकीच होत्या. मुहूर्त टळतो म्हणून त्यांनी जमिनीवरच्या फ्लोटवरच नारळ आपटला. नारळ शाबूत, पातळ पत्र्याला वाटीएवढा खड्डा.

साहेबांनी खड्ड्यावरून बोट फिरवलं. “भाऊजी, नारळ दगडावर फोडतात. आणि तू रे, राहिलेल्या नळ्या पुऱ्या कर.”