बिनमिशीचा हवालदार

मंदाबाईंचा डोळा लागतोय. भरदुपारी, शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर डोकं टेकून. लगेच नाकं मुरडू नका. काल रात्रभर या बाईच्या डोळ्याला डोळा नाही, सकाळपासून उभं राहून शिकवलंय, खिचडीच्या रांगेत पोरांची भांडणं सोडवलीत, आणि आता मधल्या सुट्टीची वीस मिनिटं उरलीत. तेवढ्यात माणसानं डोकं टेकलं तर काय आभाळ कोसळतं?

रात्रीची झोप उडाली ती कावेरीमुळं. कावेरी जोगदंड, आठवीत आहे, वय तेरा. आज दोन वाजता तिची सुपारी फुटायची आहे आणि पुढच्या आठवड्यात लग्न. काल संध्याकाळी मंदाबाई तिच्या घरी गेल्या, तर तिच्या बापानं, बळीरामनं, त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "मॅडम, शाळेचं शाळेत बघा, घरचं आम्ही बघतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं. असली लग्नं थांबवायचं काम ज्यांचं, त्यांचा फोन कालपासून लागत नाही. मंदाबाईंना काही म्हणता काही सुचत नाहीये.

वर पंखा फिरतोय. त्याचं एक पातं कशाला तरी घासतंय, टक, टक, टक. मग ती टकटक पंख्यातून निघून दारावर येते.

"दरवाजा खोला! वारंट हाय!"

मंदाबाई ताडकन उठतात. दारात आबा. खाकी शर्ट, ढगळ अर्धी चड्डी, कमरेला रुंद पट्टा, छातीवर डबीच्या झाकणाचा बिल्ला, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली हे मंदाबाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"आबा, हळू बोला ना. हेडसर शेजारीच आहेत."

बघा आता! मेलेला बाप अकरा वर्षांनी दारात उभा, आणि लेकीला धास्ती कसली, तर हेडसर ऐकतील याची.

सांगते का ते. आबा म्हणजे सटवाजी शितोळे, पिढीजात बहुरूपी. पोलिसाचं सोंग घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांना खोट्या खोट्या अटका करून हसवायचं आणि घरातून जे मिळेल ते झोळीत घ्यायचं. मंदाबाई वीस वर्षं या शाळेत आहेत. मुलींची नाटकं बसवतात, त्यांना सोंगं रंगवून देतात, आणि दबून बसणाऱ्या पोरी त्या सोंगाआडून खणखणीत बोलायला लागतात. पण हे बाईंना आलं कुठून, ते त्यांनी आजवर एका जीवाला सांगितलेलं नाही. वडील काय करायचे असं विचारलं की म्हणतात, "पोलिसात होते," आणि विषय बदलतात.

"हेडसराला बी अटक करू," आबा म्हणतात. "चल, ऊठ. ड्युटीला उशीर झाला."

मंदाबाई व्हरांड्यात पाऊल टाकतात, पण पायाखाली फरशी नाही, घोट्यापर्यंत फुफाटा आहे. एका अंगाला वर्गांच्या खिडक्या चालल्यात, दुसऱ्या अंगाला ज्वारी उभी आहे. आबा पुढं, मंदाबाई मागं, काखेत सोंगांचं गाठोडं. अंगावर सकाळचीच सुती साडी आहे आणि पावलं मात्र आठ वर्षांच्या पोरीची. त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"आबा, तुमची मिशी कुठंय?"

त्यांच्या आत्ता ध्यानात येतं, आबांचा ओठ रिकामा आहे. हवालदाराचं सोंग आणि मिशी नाही, म्हणजे मीठ विसरलेलं वरण.

"पडली."

"कुठं पडली?"

"तुला ठावं हाय कुटं," आबा म्हणतात, आणि फुफाटा संपून वसतिगृहाचं हिरवं फाटक येतं.

फाटकाशी पाचवीतल्या मुली फिदीफिदी हसतायत. आबा फेरीवरून तडक आलेत, सोंग उतरवायला सवड झालेली नाही. रुमालात बोरं बांधून आणलीत. वसतिगृहाच्या बाई विचारतात, "मंदाकिनी, हा कोण गं तुझा?" आणि मंदाबाईंना स्वतःचाच बारीक आवाज ऐकू येतो.

"मी नाही ओळखत."

आबा टाचा जुळवून कडक सलाम ठोकतात. "पत्ता चुकला, बाईसाहेब. आरोपी दुसऱ्या गावची हाय." बोरं फाटकाच्या खांबावर ठेवतात आणि चालू लागतात.

एरवी स्वप्न इथंच मोडतं. तीस वर्षं हे असंच चाललंय. आज मात्र मंदाबाई पदर खोचतात आणि फाटक ढकलून मागं धावत सुटतात. "आबा! अहो आबा, थांबा!"

आबा थांबतात ते थेट या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. भिंतीवर कावेरीनं रंगवलेलं अख्खं गाव आहे, हापसा, शेळ्या, पिठाची गिरणी, घरं सगळी. एका घराला फक्त तिनं दार काढलेलं नाही. ते तिचं स्वतःचं.

मंदाबाईंना धाप लागलीये. "आबा, मी तुम्हाला ओळखलं होतं त्या दिवशी. मुद्दाम नाही म्हणाले. मला लाज वाटली तुमची."

"मला म्हाईत हाय की. लै खूश झालो मी."

"खूश?"

"आगं, सोंग आसं वठलं की पोटच्या पोरीला बाप वळखू आला न्हाई! हाय का कुण्या बहुरूप्याची टाप?"

मंदाबाईंना हसू येतं, आणि हसता हसता त्या हमसून हमसून रडायला लागतात. आबा त्यांना रडू देतात.

"ती झाली थट्टा," मग ते म्हणतात. "खरं सांगू का? लागलं, मंदे. शिवंपतूर रडत गेलो. डिंकानं चिकटिवलेली मिशी ती, डोळ्याच्या पान्यानं सुटली आन पडली कुटंतरी. फुडल्या गावात लोकं म्हणले, ह्यो कसला रं बिनमिशीचा हवालदार! लै हासले. लै वाढलं बी त्या दिशी."

"मला माफ करा, आबा."

"तवाच केलं. तूच येडी, तीस वरीस वझं घिऊन हिंडलीस." आबा काठीनं भिंतीवरच्या बिनदाराच्या घरावर टकटक करतात. "आता कामाचं बोल. ह्या पोरीचं काय?"

"मी गेले होते. बळीरामनं दार लावलं."

"मास्तरणीला लावलं. हवालदाराला लावत्यात व्हय? आपली रीत काय, सांग बगू."

मंदाबाई हात मागं बांधून उभ्या राहतात आणि वर्गात म्हणावं तसं म्हणतात, "शुभकार्याच्या घरातून बहुरूप्याला माघारी लावत नाहीत. त्यानं सोंग दाखवायचं. मग घरधनी विचारतो, काय बिदागी देऊ? पाहुण्यांसमोर मागेल ती द्यायची."

"मधलं गाळलंस."

मंदाबाई मागं बांधलेले हात सोडून पदर नीट करायला लागतात.

"मधलं म्हण, मंदे."

"बिदागी मागायच्या आधी खरं नाव सांगायचं," मंदाबाई खाली बघून म्हणतात. "आपलं आणि बापाचं. मोठ्यानं."

"हां. आन हितंच तुजी गाडी आडती."

"सगळं गाव असेल तिथं, आबा!"

"आसू दे की. मोकळ्या चावडीत कोण सोंग करतंय?"

भिंतीच्या पायथ्याशी आता तीन दगडांची चूल आहे आणि तिच्यावर काळंकुट्ट पातेलं. आबा उकिडवे बसतात, पातेल्याच्या बुडाला अंगठा घासतात आणि म्हणतात, "हालू नगंस." त्यांचा अंगठा खरबरीत आहे, ऊन ऊन आहे. मंदाबाईंच्या ओठावर तो एकदा डावीकडं सरकतो, एकदा उजवीकडं, आणि टोकाला वर वळतो. आबा दोन पावलं मागं होऊन बघतात.

"झ्याक! आता पळ."

"तुम्ही नाही येत?"

"एका वारंटाला दोन हवालदार कशाला?" आबा सलाम ठोकतात, आणि घंटा होते.

मंदाबाई टेबलावरून डोकं उचलतात. दारात हेडसर उभे आहेत आणि विचित्र नजरेनं बघतायत.

"मॅडम, तुमच्या ओठावर काहीतरी लागलंय."

लोखंडी कपाटाच्या आरशात मंदाबाई बघतात. काजळीची मिशी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. शाळेत चार वर्षं झाली खिचडी गॅसवर शिजते, या आवारात चूल म्हणून पेटलेली नाही. त्या बोट लावून बघतात. बोट काळं होतं.

"मिशी आहे, सर," त्या म्हणतात. "माझ्या वडिलांची. ते पोलिसात नव्हते, बहुरूपी होते. दारोदार मागायचे. मी तुमच्याशी वीस वर्षं खोटं बोलले." एवढं बोलून त्या खुंटीवरचा शिपाईमामांचा खाकी शर्ट साडीवरच चढवतात आणि निघतात. हेडसर गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात देतात. म्हणतात, "ही असू द्या. हवालदाराला लागते," आणि स्वतःही मागोमाग निघतात.

बळीरामच्या अंगणात मांडव आहे, पाहुणे आहेत, ताटात सुपारी आहे. शिट्टी वाजते.

"दरवाजा खोला! वॉरंट आहे! आरोपी कावेरी बळीराम जोगदंड, वय वर्षं फक्त तेरा, गुन्हा काय, तर आज गणिताच्या तासाला दांडी! आरोपीला लपवलं म्हणून बापाला अटक, आणि मुद्देमाल म्हणून जिलेबी जप्त!"

अंगणात हशा पिकतो. बाया पदर तोंडाला लावून हसतात, पोरं मांडवाच्या खांबांवर चढतात. बळीरामचा चेहरा पडलाय, पण बहुरूप्याला हाकलायची छाती त्यालाही नाही. रीतीप्रमाणं तो पुटपुटतो, "काय बिदागी देऊ?"

मंदाबाई मांडवाच्या मधोमध उभ्या राहतात.

"मी मंदाकिनी. बाप सटवाजी शितोळे, बहुरूपी. त्याच्या झोळीवर मी शिकले, आणि मला त्याचा अभिमान आहे. बिदागी ही पोरगी द्या. बारावी होईपर्यंत तिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही."

बळीराम तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत उठतात.

"सटवाजी हवालदार? मला अटक केली होती त्यानं! तेराचा पाढा येईना म्हणून हाताला सुतळी बांधली, आन पाढा पाठ झाल्याबिगर सोडली न्हाई. शाळंची गोडी लागली ती तवापासून." म्हातारा मंदाबाईंच्या मिशीकडं निरखून बघतो. मग बळीरामकडं वळतो. "तेरा वरसाची हाय हे आमाला कुणी बोललं न्हाई. दे बिदागी." आणि ताटातली सुपारी उचलून तो आपल्या खिशात टाकतो.

बळीराम पाहुण्यांकडं बघतो, लेकीकडं बघतो. खाली बसतो. "न्या मॅडम," तो म्हणतो. "चारचौघांत दिली, आता मागं घेणार न्हाई."

शाळेच्या वाटेवर हेडसर खिशातून रुमाल काढून पुढं करतात. "मिशी पुसून घ्या, मॅडम."

"राहू द्या, सर. अजून दोन तास शिकवायचंय."

आणि शिकवतात. आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर कावेरी बसलीये, सुपारीच्या नव्या साडीत, हातात बांगड्या भरलेल्या, आणि फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेतेय.

"बाई," ती मध्येच हात वर करते, "मिशी काढायला मला पण शिकवाल?"

"आधी गणित सोडव," मंदाबाई म्हणतात. "नाहीतर अटक!"