नंदाची स्कॉलरशिप

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये नंदाच्या स्कॉलरशिपचे किस्से संपतच नाहीत. एवढी वर्षं झाली, पण पार्ल्यात कोणाच्या घरी जमलो की एखादा नवीन निघतोच. खोटा नसतो हो, फक्त आधी सांगायची हिंमत नसते.

*

नंदा आमच्या बी.एस्सी.च्या वर्गातली पहिली. कायमची. कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप पहिल्या येणाऱ्याला, म्हणजे नंदालाच. वडिलांची गिरणी बंद पडलेली, त्यामुळे स्कॉलरशिप गेली की कॉलेज सुटलं, इतका सरळ मामला.

शेवटच्या वर्षी तिची आई काविळीने आडवी झाली आणि घर नंदाच्या गळ्यात पडलं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात पळी. एकदा पिठलं करपलं. वडील मालवणचे, मुकाट्याने जेवले. हात धुताना एवढंच म्हणाले, "आज केमिस्ट्री होती काय गो?"

*

व्हायचं तेच झालं. सहामाहीला नंदा चौथी आली. पहिला आला दिनेश, आमच्याच ग्रुपमधला. प्रिन्सिपल सरांनी नंदाला केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी कान लावून.

"घरी काही अडचण आहे का?"

"नाही सर. अभ्यास कमी पडला."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं, "अगं बये, आई आजारी आहे एवढं सांगायला काय झालं?"

"आईच्या काविळीवर मला काही नको."

सर भला माणूस. प्रिलिमपर्यंत त्यांनी स्कॉलरशिप कोणालाच दिली नाही. प्रिलिमला नंदा पहिली आली तर तिची, नाहीतर दिनेशची.

*

दिनेशचे वडील बँकेत, अंधेरीला स्वतःचा ब्लॉक. दुसऱ्याच दिवशी हा नंदाच्या चाळीत हजर. "चल, ऑरगॅनिक काढ."

"तू माझा कॉम्पिटिटर आहेस यार," नंदा म्हणाली.

"मग चहा तरी चांगला कर."

तो शिकवायचा, मी भांडी घासायचे. एकदा करपलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काही केल्या निघेना. दिनेश म्हणाला, "सरक. आपण सायन्स कशाला शिकलो?" दुसऱ्या दिवशी लॅबमधून कॉस्टिक सोडा घेऊन आला आणि ओतला त्यात. पातेलं जे फसफसायला लागलं! नंदाने पुस्तकातून मान वर न करता ती रिॲक्शन म्हणून दाखवली. ती म्हणून होईपर्यंत तळाला भोक.

तिच्या आईने खाटेवरूनच पातेल्याकडे बघितलं, मग दिनेशकडे. "आणि तू माझ्या लेकीला केमिस्ट्री शिकवतोस?"

*

प्रिलिमच्या आठवड्यात नेमकी क्रिकेटची मॅच. शेजारचे परबकाका मॅच म्हणजे अख्ख्या चाळीला ऐकवणारे. त्या दिवशी रेडिओ कानाला लावून, डोक्यावरून चादर घेऊन बसले. मध्येच घामाघूम होऊन बाहेर आले, आम्हाला एक बोट दाखवलं, म्हणजे विकेट पडली, आणि गुपचूप परत चादरीत गेले. मला आजही त्यांची आठवण आली की भरून येतं.

*

प्रिलिमला नंदा पहिली. दिनेश दुसरा, अगदी थोडक्यात. चाळीत पेढे वाटले, तिची आई तर रडलीच. पण पेपर हातात मिळाले तेव्हा नंदाने दिनेशचेही चाळून बघितले आणि तिचं डोकं फिरलं. माझा हात धरून तडक अंधेरीला त्याच्या घरी.

"ऑरगॅनिकचा शेवटचा प्रश्न कोरा का सोडलास? तूच शिकवलेलास मला तो."

"वेळ पुरला नाही गं."

"खोटं बोलू नकोस. वेळ संपायच्या आधी उठून गेलास तू, मी बघितलं. मला कोणाची दया नकोय, दिनेश. मुद्दाम केलं असशील तर आत्ता सरांकडे जाऊन स्कॉलरशिप परत करते."

आणि ती करणारी होती.

दिनेशने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग गळ्याला हात लावून म्हणाला, "नाही आला मला तो प्रश्न. खरंच. आईची शपथ."

आतून पोळ्या लाटता लाटता त्याची आई ओरडली, "मेल्या, माझी शपथ घेऊ नकोस. मला अजून जगायचंय!"